जुन्या होडीची लाकडं पाणचुलीत जाळताय? रंगातलं तांबं, मीठ आणि धूर याबद्दल

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या तोंडाशी, निम्मी वाडी मासेमारीवर. गेल्या काही वर्षांत बऱ्याच जणांनी लाकडी होड्या मोडल्या आणि फायबरच्या घेतल्या, आणि मोडलेल्या होडीची फळकुटं गेली कुठे तर घराघरातल्या, आंघोळीचं पाणी तापवायच्या पाणचुलीखाली. फुकटचं जळण, खणखणीत सुकलेलं, कोण सोडणार. आमच्याकडे दोन पावसाळे तेच जळलं. जाळ हिरवा निळा यायचा, पोरं न्हाणीच्या दारात बघत उभी राहायची, पुतणी तर म्हणायची काका आज रंगीत आग लावा ना.

गणपतीत भाचा आला होता, रसायनशास्त्र शिकलाय, त्याने तो जाळ बघितला आणि काही न बोलता लाकडं ओढून बाहेर काढली, वर पाणी ओतलं. म्हणाला मामा हा हिरवा रंग तांब्याचा आहे, होडीच्या बुडाला जो लाल रंग मारता त्यात तांबं असतं, लाकूड आयुष्यभर खाऱ्या पाण्यात मुरलंय म्हणजे मीठ आहेच, आणि तुम्ही ते मंद धुमसत जाळताय, डायऑक्सिन बनवायला याहून वेगळं काय लागतं.

तेव्हापासून मिळेल ते वाचतोय. मला इतकी वर्षं वाटायचं की धातूचं प्रदूषण म्हणजे नदीत पारा, शिसं आलं, ते माशात गेलं, माशातून आपल्या पोटात आलं, म्हणजे धातू स्वतःच विष. तो धातू दुसऱ्याच साध्या वस्तूंमधून कॅन्सर करणारं रसायन तयार करायला मदत करतो आणि स्वतः मात्र तसाच शिल्लक राहतो, पुढच्या जळणाला परत कामाला तयार, हे मला माहीतच नव्हतं. ज्यांना यातलं कळतं त्यांनी लिहा. दोन गोष्टी विशेष विचारायच्यात, झालेली राख कुठे टाकायची, आणि मागच्या दारी अजून ढीगभर फळ्या पडल्यात त्यांचं काय करायचं.

लॅबवाले_काका
तुमचा भाचा बरोबर आहे. मी २२ वर्षं एका केमिकल वसाहतीतल्या प्रयोगशाळेत काढली, आता निवृत्त, चिपळूणला असतो. थोडं सविस्तर लिहितो.

डायऑक्सिन हे एक रसायन नाही, मोठं कुटुंब आहे, आणि ते मुद्दाम कोणी बनवत नाही, जळताना आपोआप बनतं. त्यातल्या सगळ्यात जहाल प्रकाराला आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, १९९७ साली पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कॅन्सर करतं हे सिद्ध. ते बनायला लागतं काय, तर अर्धवट जळलेला कार्बन म्हणजे काजळी, क्लोरीन म्हणजे मीठ किंवा पीव्हीसी प्लास्टिक, आणि साधारण २०० ते ४५० अंशांची उष्णता. हे सगळं असलं तरी काम सावकाश चालतं. पण राखेच्या कणांवर तांबं बसलेलं असलं की तोच क्लोरीन पटापट काजळीला चिकटायला लागतो. तांबं आधी मिठाशी जुळून तांब्याचं क्लोराईड होतं, ते क्लोरीन पुढे कार्बनला देतं आणि हवेतला ऑक्सिजन घेऊन परत पहिल्यासारखं होतं. म्हणजे चिमूटभर तांबं पुन्हा पुन्हा कामाला येतं. लोखंड पण थोडंफार हेच करतं पण तांब्याची सर नाही.

हिरव्या जाळाबद्दल. कॉलेजात आम्ही तांब्याची तार लाल तापवून पदार्थात बुडवून परत ज्योतीत धरायचो, क्लोरीन असलं की ज्योत हिरवी. तुमची पुतणी बघायची ती हीच परीक्षा होती.

आता कारखान्यात काय करतात बघा. कचरा जाळायच्या चांगल्या भट्टीत धूर ८५० अंशांच्या वर निदान दोन सेकंद ठेवतात, तिथे डायऑक्सिन मोडून जातं, आणि मग धूर झटकन गार करतात, का तर सावकाश गार होताना तो त्या २०० ते ४५० च्या पट्ट्यात रेंगाळला तर राखेवर तेच परत जुळून येतं. पाणचुलीत नेमकं उलटं. खाली धुमसणारी आग, वर गार पाण्याचा हंडा, भिंतीला काजळी. तो पट्टा तिथे कायम हजर.

आणि हे नुसतं कागदावरचं नाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर कागदगिरण्यांना ओंडके समुद्रातून तरंगत यायचे, त्यांची खाऱ्या पाण्याने भिजलेली साल आणि भुसा बॉयलरमध्ये जाळला की चिमणीतून डायऑक्सिन जास्त यायचं, म्हणून तिथे मिठाळ लाकूड जाळणाऱ्या बॉयलरना वेगळं मानक लावावं लागलं. तिथे तर तांब्याचा रंगही नव्हता.

चिऱ्याचं_घर
राग मानू नका पण मला हे जरा जास्तच वाटतंय. आमची आजी ९१ वर्षांची होऊन गेली, आख्खं आयुष्य चुलीपुढे. आमच्याकडेही जुन्या पगाराची, म्हणजे लहान होडीची, लाकडं जळायचीच की. उगाच गरीब माणसाच्या चुलीवर बोट ठेवायचं आणि नदीत पाणी सोडणाऱ्यांना मोकळं सोडायचं असं होतंय हे.

खाडीकाठ
राग कसला दादा, मी पण पहिल्यांदा हेच बोललो भाच्याला. पण मग आमच्या तांडेल आजोबांना विचारलं की तुमच्या वेळी बुडाला काय लावायचे, तर म्हणाले माशाचं तेल नाहीतर काजूच्या टरफलाचं तेल, आणि डामर. लाल रंग नंतर आला. म्हणजे आजीच्या चुलीतलं लाकूड आणि माझ्या चुलीतलं लाकूड एकच नव्हे. आणि नदीचं म्हणाल तर तिथल्या बाबतीत मी तुमच्याच बाजूने उभा आहे. पण ही एक आग माझ्या स्वतःच्या हातातली आहे, ती विझवायला मला कुणाकडे अर्ज करावा लागत नाही.

लॅबवाले_काका
चिऱ्याचं_घर, त्यात भर घालतो. साध्या लाकडाचा धूर पण निर्दोष नाही, त्यात बेन्झोपायरिन असतं, तेही पहिल्या गटातलं. धुराडं आणि मोकळी हवा हवीच. मुद्दा इतकाच की रंगवलेल्या, खारवलेल्या लाकडाने त्यात दुसरं विष वाढतं आणि ते अंगातून लवकर जात नाही. डायऑक्सिन चरबीत साठतं, निम्मं कमी व्हायला सात ते अकरा वर्षं लागतात. आज जाळलेलं पुतणीच्या लग्नापर्यंत अंगात.

राबवाली
मी बाईमाणूस, शेती करते, तुमच्याइतकं शिकलेले नाही पण हे वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे मे महिन्यात भाजावळ करतात, शेण, कवळ म्हणजे तोडलेल्या डहाळ्या, पातेरा म्हणजे वाळका पाला पसरून दाढ, म्हणजे भाताची रोपं करायची जागा, भाजायची म्हणजे तरवा, ती रोपं, चांगला येतो. हे पिढ्यान् पिढ्या चाललंय. पण हल्ली कवळ तोडायला माणूस मिळत नाही म्हणून लोक काय काय टाकतात त्यात, खताच्या पिशव्या, फाटकी जाळी, पाईपचे तुकडे, चपला, एकाने तर टायर टाकला होता. ती राख सगळी दाढीत, आणि आमच्या कोंबड्या दिवसभर त्याच राखेत उकरत असतात. त्यांचं काय होतं हो काका?

लॅबवाले_काका
ताई, तुम्ही सगळ्यात महत्त्वाचं विचारलंत. माणसाच्या अंगात जाणारं डायऑक्सिन नव्वद टक्क्यांहून जास्त खाण्यातून जातं, धुरातून थेट थोडंच. दूध, मांस, मासे, अंडी, जिथे चरबी तिथे ते. आणि मोकाट फिरणारी कोंबडी राख माती टिपते, तिच्या अंड्याच्या बलकात ते येऊन बसतं. घाना देशात आगबोगब्लोशी म्हणून भंगाराची मोठी जागा होती, तिथे तारा जाळून तांबं काढायचे, तिथल्या गावठी कोंबड्यांच्या अंड्यांत डायऑक्सिन फारच जास्त सापडलं होतं. म्हणून पातेरा, शेण, कवळ याची भाजावळ वेगळी आणि प्लास्टिक घातलेली वेगळी. पीव्हीसीचा पाईप म्हणजे वजनाने निम्म्याहून जास्त क्लोरीन आहे. तो दाढीत नकोच.

कोंबड्यांना राखेच्या जागेवर जाऊ देऊ नका, कुंपण घाला. आणि रंगीत लाकडाची राख भांडी घासायला घेऊ नका, परसात टाकू नका, नारळाच्या आळ्यात तर अजिबात नको.

सडा_आणि_समुद्र
तारांचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमच्या जेटीच्या मागे दर आठवड्याला रात्री तारा जाळतात, मोटारींच्या, इंजिनांच्या, घरातल्या जुन्या वायरिंगच्या. सकाळी जागा काळी असते आणि वास घशात बसतो. मी कितीदा भांडलो पण पोरं म्हणतात दादा सोललेल्या तांब्याला भाव वेगळा, हाताने सोलत बसलो तर दिवस जातो. काय सांगायचं त्यांना? पोटाचा प्रश्न आहे. पण आता वाचून कळतंय की वरचं प्लास्टिक पीव्हीसीचं, आत तांबं, आणि आग मोकळी, म्हणजे लॅबवाले काका म्हणतात ते सगळं एकाच तारेत भरलेलं.

खाडीकाठ
सडा_आणि_समुद्र, तार सोलायचं हाताने फिरवायचं छोटं यंत्र मिळतं, ब्लेड लावलेलं, बाकावर घट्ट बसवायचं आणि तार त्यातून ओढायची. आमच्या वाडीत मंडळाच्या पैशातून घ्यायचा विचार आहे, घेतलं की सांगतो कसं चाललंय. पोरांना भांडून उपयोग नाही, न जाळता तेवढेच पैसे मिळाले की आपोआप बंद होईल.

शिंपल्यांची_आवड
थोडं वेगळं पण विषय जवळचा आहे. मी दोन वर्षांपूर्वी खाडीतल्या तिसऱ्या आणि कालवं, शिंपल्यातले जीव, एका खासगी लॅबला तपासायला दिली होती, पदरचे पैसे खर्चून. रिपोर्ट आला त्यात आर्सेनिक बरंच दाखवलं, कॅडमियम पण थोडं. घरात रडारड, बायकोने त्या दिवसापासून तिसऱ्या आणणं बंद केलं. लॅबवाल्याने काही समजावून सांगितलं नाही, कागद हातात दिला आणि मोकळा झाला. आता काय समजायचं त्यातून?

लॅबवाले_काका
तुमच्या रिपोर्टमध्ये एकूण आर्सेनिक लिहिलं असणार. समुद्रातल्या जिवांमध्ये आर्सेनिक असतंच, पण त्यातलं बहुतेक आर्सेनोबिटेन नावाच्या रूपात असतं, ते आपण खाल्लं तर लघवीवाटे जसंच्या तसं निघून जातं, अपाय करत नाही. कॅन्सर करतं ते अजैविक आर्सेनिक. त्वचा, फुप्फुस, मूत्राशय. तेव्हा अजैविक वेगळं मोजून द्या असं लॅबला लेखी सांगायला हवं, नाहीतर आकडा बघून नुसती घबराट होते. विहिरीच्या पाण्यात मात्र जे असतं ते अजैविकच, तिथे भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, आणि उकळून धातू जात नाही हे लक्षात ठेवा, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं.

कॅडमियमचं वेगळं. तिसऱ्या, कालवं पाणी गाळून खातात म्हणून त्यांच्यात ते साठतं, कुर्लीच्या म्हणजे खेकड्याच्या कवचातल्या पिवळट गाळात आणि माकुलच्या म्हणजे स्क्विडच्या आतल्या भागात जास्त. माकुल साफ करताना आतलं सगळं काढून टाकायचं, कुर्लीचा तो गाळ लहान मुलांना रोज रोज देऊ नये. मासे बंद करायची गरज नाही. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील हे लहान आयुष्याचे मासे, त्यांच्यात पारा कमी. मुशी म्हणजे शार्क, गेदर म्हणजे ट्यूना, मोठी सुरमई यांच्यात जास्त, कारण पारा लहान माशातून मोठ्या माशात चढत जातो, म्हणून गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी ते बेताने खावेत.

पाऱ्याचं पण तुमच्या धाग्यासारखंच आहे बरं का. साधा पारा कांदळवनाच्या काळ्या चिखलात गेला की तिथले जिवाणू त्याचा मिथाईल पारा करतात, आणि माशात चढतो तो हा. चिखल तोच, पारा तोच, रूप बदललं की धोका बदलला. मात्र त्याचा मुख्य मार मेंदूवर आणि नसांवर, जपानात मिनामाताला १९५६ पासून जे दिसलं ते तेच.

वहिनी_डॉक्टर
मी राजापूर भागात प्रॅक्टिस करते. धागा वाचून एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणी मशेरी लावतात, सकाळी एकदा, जेवल्यावर एकदा, आणि कित्येकींना ते तंबाखूत मोजायचंच नसतं, दात घासायचं म्हणतात.

तंबाखूचं झाड जमिनीतलं कॅडमियम पानात ओढून घेण्यात फार पुढे आहे. म्हणूनच विडी सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगात न ओढणाऱ्यापेक्षा साधारण दुप्पट कॅडमियम सापडतं. आता कॅडमियम काय करतं? ते आपल्या पेशीतल्या डीएनएला थेट फारसं तोडत नाही. पण डीएनए रोज कुठे ना कुठे बिघडतच असतो आणि तो दुरुस्त करणारी प्रथिनं पेशीत असतात, त्यातल्या काहींना उभं राहायला जस्त लागतं. कॅडमियम त्या जस्ताची जागा घेतं आणि दुरुस्ती थांबते. आर्सेनिक पण दुरुस्तीलाच आडवं येतं. आणि त्याच तंबाखूत नायट्रोसॅमिन असतात, पान सुकवताना मुरवताना तयार झालेले, ते डीएनए बिघडवतात. म्हणजे एक जण घर फोडतो आणि दुसरा गवंड्याला अडवून धरतो. आर्सेनिकचं पाणी पिणाऱ्यांत जे धूम्रपान करतात त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर दोन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त होतो, हे बऱ्याच ठिकाणी दिसलंय.

तुम्ही चुलीतल्या लाकडाची एवढी काळजी करताय ती बरोबरच आहे. पण त्याच चुलीवर तव्यात तंबाखू भाजून मशेरी होत असेल तर आधी ती थांबवा, मी हात जोडून सांगते. आई, मावशी, सासूबाई, ज्यांना सांगता येईल त्यांना सांगा. तोंडात पांढरा चट्टा, न भरणारं तोंड आलेलं, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही दोन तीन आठवड्यांहून जास्त राहिलं तर दाखवा.

राबवाली
वहिनी, मी स्वतः लावते. पंधरा वर्षं झाली. आज पहिल्यांदा कोणी असं समजावून सांगितलं, नाहीतर नुसतं वाईट आहे म्हणतात.

वहिनी_डॉक्टर
ताई, तुम्ही हे इथे लिहिलंत हेच किती मोठं आहे. एकदम नाही जमलं तर आधी दुपारची सोडा, मग रात्रीची, सकाळची शेवटी. सुरुवातीला डोकं दुखेल, चिडचिड होईल, आठ पंधरा दिवस. बडीशेप, ओवा जवळ ठेवा. आणि एकदा जवळच्या सरकारी रुग्णालयात तोंड तपासून घ्या, खर्च नाही त्याला.

खारबांध
आमची खाजणातली भातशेती आहे, बांध दोनदा फुटला, खारं पाणी आत आलं. कॅडमियमचं वाचून विचारतो, खाडीच्या गाळात धातू असतील तर भातात येतात का?

लॅबवाले_काका
येऊ शकतात आणि ते पाण्यावर अवलंबून आहे. शेत पाण्याखाली असताना मातीत हवा नसते, तेव्हा कॅडमियम गंधकाशी बांधून बसतं, भाताला मिळत नाही, पण आर्सेनिक मोकळं होतं. शेत सुकवलं की उलटं, आर्सेनिक बांधलं जातं आणि कॅडमियम सुटतं. खाऱ्या पाण्याने अजून एक होतं, मिठातलं क्लोराईड कॅडमियमला धरून विरघळवतं म्हणजे मुळांना ते सहज मिळतं. आपली जांभ्याची माती आंबट, त्यातही कॅडमियम सुटतं जास्त. म्हणून बांध धड ठेवणं, माती तपासून लागेल तेवढा चुना घालणं, शेणखत भरपूर घालणं, आणि लोंबी भरताना शेत एकदम कोरडं न पाडणं. जपानात जिंझू नदीच्या काठी खाणीचं पाणी भातात जाऊन इताई इताई हा हाडं ठिसूळ करणारा आजार झाला, सरकारने १९६८ साली तो कॅडमियममुळे झाल्याचं मान्य केलं. तिथे पण सुरुवात भाताच्या शेतातूनच होती.

मालवणी_माणूस
आमच्या सिंधुदुर्गात कणकवलीकडे क्रोमाईटच्या खाणी होत्या. तां क्रोमियम पण असाच काय? माका कोणीतरी सांगल्यान की क्रोमियम शरीराक लागता, आणि कोणी म्हणता कॅन्सर करता. खरा काय?

लॅबवाले_काका
शरीराला लागतं की नाही याबद्दल आता शंका घेतात, कॅन्सरचं मात्र रूपावर अवलंबून आहे, आणि ही रूपं संयुजेच्या आकड्याने ओळखतात. दगडात असतं ते तीन संयुजेचं क्रोमियम, ते फारसं विरघळत नाही आणि त्रासही देत नाही. सहा संयुजेचं जे असतं ते कॅन्सर करतं. आणि मातीत मँगनीजचं ऑक्साईड असलं तर तीनचं सावकाश सहाचं होऊ शकतं. चुन्याबरोबर हवेत तापवलं तर झपाट्याने होतं, कारखान्यात क्रोमेट बनवतात ते असंच. म्हणून क्रोमियम असलेला गाळ किंवा चामड्याचा कचरा जाळून टाकला की संपला असं समजू नये, राखेत तो वाईट रूपात उरतो. उलट शेणखत, कुजलेला पालापाचोळा सहाचं परत तीनचं करतो.

चिऱ्याचं_घर
सगळं वाचलं. मी वर जे लिहिलं होतं ते घाईत लिहिलं. मागच्या पडवीत आमच्याकडेही पगाराच्या आठ दहा फळ्या आहेत, लाल रंगाच्या. आज आईला सांगून बाजूला काढल्या. पण काका, फळ्यांचं करायचं काय ते राहिलंच की सांगायचं. रंग खरवडून मग जाळल्या तर?

लॅबवाले_काका
खरवडू नका. कोरडा रंग घासला की धूळ नाकातोंडात जाते, आणि जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखात ९० भागांच्या, वर नको असा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून आहे, तुमच्या फळ्या त्याच्या आधीच्या, आणि होडीच्या रंगाला तो घरगुती नियम लागूही नव्हता. शिवाय रंग काढला तरी लाकडात मुरलेलं मीठ आणि तांबं राहणारच. पावसात भिजणार नाही अशा जागी रचून ठेवा. शेड उभारायला, मांगराला आडवी पट्टी म्हणून, जाळी टांगायची मांडणी म्हणून वापरता येतील. कोंबड्यांचं खुराडं मात्र त्याचं करू नका.

खाडीकाठ
उशीर झाला लिहायला, मंडळाची बैठक होती. तार सोलायचं यंत्र आलं, जेटीवर बसवलंय, पहिल्या दिवशी पोरांनी तासाभरात गोणीभर तार सोलली. वरचं प्लास्टिक वेगळ्या गोणीत भरून भंगारवाल्यालाच दिलं, तो घेतो म्हणाला. सडा_आणि_समुद्र, तुमच्या जेटीवरच्या पोरांना पाठवा इकडे, दाखवू.

फळ्या सतरा घरांतून गोळा झाल्या, जाळ्यांच्या शेडमध्ये रचल्या. राख ज्यांच्याकडे जुनी साठलेली होती ती डब्यात भरून झाकण लावून ठेवायला सांगितली आहे, ग्रामपंचायतीला पत्र दिलंय की हा धोकादायक कचरा म्हणून उचलायची व्यवस्था करा, उत्तर आलं की इथेच टाकेन.

एकच अडलं. आमची आई म्हणाली सगळं खरं, पण उद्या सकाळी पाणी तापवू कशावर, गॅसवर हंडाभर पाणी परवडत नाही.

राबवाली
भाऊ, नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, आणि करवंट्या वापरा, नारळवाल्याकडे पोत्याने पडलेल्या असतात. चुडतं, माडाच्या झावळ्यांची, चांगली सुकवून घ्या म्हणजे धूर कमी होतो. आणि न्हाणीचा झरोका बंद केला असेल तर उघडा. आमच्याकडे थंडी येते म्हणून गोणपाट लावून बुजवला होता, काल मी तो काढला.